चारही रस्त्यांना तीस-तीस सेकंद: आमच्या नाक्यावरचा सिग्नल सुधारायचा तर नेमकं काय मागू?

नाक्यावरचं_मेडिकल

सिंधुदुर्गात किनाऱ्यावरच्या एका तालुक्याच्या गावात, मुख्य नाक्याच्या अगदी कोपऱ्यावर माझं मेडिकल आहे. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. मला कोणाची तक्रार करायची नाही, काम करून घ्यायचं आहे.

नाक्यावर सिग्नल हवा म्हणून आम्ही दुकानदारांनीच सह्या गोळा केल्या होत्या. आता तेच लोक म्हणतात, बंद करा, पिवळा ब्लिंकरवर टाका. मला हे अजिबात पटत नाही. सिग्नल नव्हता तेव्हा आठवड्याला एक तरी गाडी घसरलेली असायची आणि पट्टी, कापूस, आयोडीन माझ्याच काउंटरवरून जायचं. सिग्नल राहिलाच पाहिजे. पण आज तो ज्या पद्धतीने चालतो त्याने लोक वैतागलेत, आणि वैतागलेला माणूस लाल तोडतो. तीच मला खरी भीती आहे.

नाका असा आहे. पूर्वेकडून हायवेवरून येणारा रस्ता, म्हणजे कुडाळ-कणकवलीकडची सगळी गाडी. समोर पश्चिमेला किनाऱ्याकडचा रस्ता, तिकडे होम स्टे आणि हॉटेलं. उत्तरेला बंदर, दक्षिणेला एसटी स्टँड आणि बाजार. रस्ते सात मीटरचे, म्हणजे येणाऱ्या बाजूला साडेतीन मीटर. एका वेळी एकच रस्ता सुटतो. प्रत्येकाला ३० सेकंद हिरवा, ३ सेकंद पिवळा, मग २ सेकंद चारही बाजू लाल. पहाटे पाच वाजता तेच आणि शनिवारी भर अकराला तेच.

शनिवारी अकरा ते बारा या तासात एमएच ०१, एमएच १२ आणि कोल्हापूरच्या ०९ च्या गाड्यांची रांग हायवेच्या बाजूला पेट्रोल पंपापर्यंत जाते. त्याच वेळी बंदराचा रस्ता हिरवा असतो आणि त्यावर कोणी नसतं. काउंटरवरून मला दोन्ही एकाच वेळी दिसतं. रांगेतली पोरं हॉर्न वाजवतात, समोर रिकामा रस्ता, आणि टायमरवर १६, १५, १४ चाललेलं असतं.

कॉलेजातल्या भाच्याला बसवून त्या तासाची मोजणी केली आहे. हायवेकडून: दुचाकी २२०, रिक्षा ६०, कार २२०, टेम्पो ३०, एसटी-ट्रक मिळून १०. किनाऱ्याकडून: दुचाकी २४०, रिक्षा ५५, कार १४०, टेम्पो २४, मोठ्या गाड्या ७. बंदराकडून: दुचाकी १६०, रिक्षा ३०, कार २५, टेम्पो ३०, ट्रक ५. स्टँडकडून: दुचाकी २००, रिक्षा ७०, कार ४०, टेम्पो १२, एसटी १६. हायवेकडून येऊन उजवीकडे बंदराला वळणाऱ्या गाड्या तासाला साठेक असतील.

नगरपरिषदेत विचारलं तर म्हणाले, "सगळ्यांना समान वेळ दिली आहे, कोणावर अन्याय नको." आता यावर मी लेखी काय मागू? "सिग्नल नीट करा" असं लिहिलं तर काहीच होणार नाही. आकड्यांत मागायचं आहे.

---

निवृत्त_वाहतूक_अभियंता

दादा, दिशांप्रमाणे आणि वाहनांप्रमाणे वेगळी मोजणी दिलीत, त्यामुळे नेमकं बोलता येतं. रत्नागिरीत असतो, नोकरी सगळी रस्ते आणि सिग्नलमध्ये गेली. सविस्तर लिहितो.

आधी सगळी वाहनं एका मापात आणू. ढोबळ मानाने कार, रिक्षा, छोटा टेम्पो एक धरायचा, दुचाकी अर्धी, एसटी आणि ट्रक तीन. याला पीसीयू म्हणतात. तुमचे आकडे मग असे होतात: हायवे ४५०, किनारा ३६०, बंदर १८०, स्टँड २७०.

रांग सुटण्याचाही एक ठरलेला वेग असतो. साडेतीन मीटरच्या पट्ट्याला तासभर सलग हिरवा दिला, तर इंडियन रोड्स काँग्रेसच्या तक्त्यांप्रमाणे १,९०० च्या आसपास पीसीयू पार होतात. तुमच्याकडे दुकानांसमोर गाड्या लागत असणार, म्हणून मी १,८०० धरतो. म्हणजे दोन सेकंदाला एक कार.

तुमची पूर्ण फेरी १४० सेकंदांची आहे. तेवढ्या वेळात हायवेकडून साडेसतरा कार येतात आणि ३० सेकंदांत सुटतात पंधरा. दर फेरीला अडीच मागे राहतात, तासाभरात साठच्या वर. पेट्रोल पंपापर्यंतची रांग ती हीच. बंदराच्या रस्त्यावर मात्र फेरीला सातच येतात, चौदा सेकंदांत त्या निघून जातात आणि उरलेले सोळा सेकंद वाया. टायमरवर १६ दिसतो तेव्हा रस्ता रिकामा झालेला असतो हे तुम्ही अचूक पाहिलंत. समान वेळ म्हणजे न्याय, असं सिग्नलच्या बाबतीत होत नाही. ज्या रस्त्यावर जेवढा भार, त्याच प्रमाणात हिरवा.

फेरी किती लांबीची हवी, याचं सूत्र ब्रिटनच्या रोड रिसर्च लॅबोरेटरीत एफ. व्ही. वेबस्टर यांनी १९५८ साली मांडलं. आजही एकट्या-दुकट्या चौकासाठी जगभर तिथूनच सुरुवात करतात. प्रत्येक फेजमधल्या, म्हणजे एका वेळी सुटणाऱ्या रस्त्यांपैकी, सगळ्यात भरलेल्या रस्त्याची वाहतूक भागिले १,८०० करायची आणि त्यांची बेरीज घ्यायची. मग फेरीत वाया जाणारे सेकंद दीडपट करून त्यात ५ मिळवायचे आणि आलेल्या आकड्याला १ वजा ती बेरीज याने भागायचं.

तुमच्या चार फेज तशाच ठेवल्या तर बेरीज येते ०.२५, ०.२०, ०.१० आणि ०.१५ मिळून ०.७०. प्रत्येक बदलात पिवळा आणि सगळे लाल धरून ५ सेकंद जातात, म्हणजे फेरीला २०. सूत्रातून ११७ सेकंद येतात. भाराच्या प्रमाणात वाटले आणि बंदराला माणसं ओलांडण्यापुरते थोडे वाढवून दिले, तर हायवे ३५, किनारा २८, बंदर १७, स्टँड २०, फेरी १२०. एवढ्यानेच हायवेकडची क्षमता तासाला ३८६ वरून ५२५ होते आणि ४५० आरामात मावतात. याला वायर हलवावी लागत नाही, दिवा बदलावा लागत नाही. कंट्रोलरच्या पेटीत चार आकडे बदलायचे, बस्स.

पण माझं खरं म्हणणं पुढे आहे. तुमच्या नाक्याला चार फेजची गरजच नाही. हायवे आणि किनारा समोरासमोर आहेत, ते एकदम सोडा. बंदर आणि स्टँड एकदम सोडा. तासाला साठ गाड्या उजवीकडे वळतात, म्हणजे मिनिटाला एक. समोरून येणाऱ्या ३६० मध्ये त्यांना फट मिळते. आता बेरीज ०.२५ आणि ०.१५, म्हणजे फक्त ०.४०. वाया जाणारे सेकंद १०. सूत्र सांगतं ३३ सेकंदांची फेरी.

३३ मात्र मी देणार नाही, कारण सूत्राला पायी चालणारा माणूस दिसत नाही. बंदर-स्टँडच्या हिरव्यात माणसं मुख्य, म्हणजे हायवे-किनारा रस्ता ओलांडतात. तो कडेसकट नऊ मीटर धरा. नेहमीच्या हिशोबात चालण्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर घेतात. म्हातारी माणसं आणि डोक्यावर ओझं असलेल्या बाया असतील तिथे मी ०.९ घेतो. ओलांडायला १० सेकंद आणि पाऊल उचलायला ७, म्हणजे १७. बंदर-स्टँडचा हिरवा १७ च्या खाली आणायचा नाही. त्याच प्रमाणात मुख्य रस्त्याला २८. दोन्ही बदलांचे १० धरून फेरी ५५ सेकंद.

बंदराकडून येणाऱ्या माणसाचा हिशोब पाहा. आज तो सरासरी ४८ सेकंद थांबतो, उद्या १५ थांबेल. लाल ११० सेकंद चालला की लोक तोडणारच. ३८ सेकंदांचा लाल बहुतेक जण पाळतात, हे मी गावोगाव पाहिलं आहे.

एक अट. स्टॉप लाइनपासून मागे तीसेक मीटर एकही गाडी उभी राहता कामा नये. तुमच्या दुकानासमोरची गिऱ्हाइकांची दुचाकीसुद्धा. साडेतीन मीटरमधला एक मीटर गेला की १,८०० चा आकडा कोसळतो आणि वरचा सगळा हिशोब कागदावरच राहतो.

---

लालपरी_सारथी

एसटीवर चालक आहे, या भागातले असे नाके रोजचे. साहेबांचा हिशोब मान्य, पण एक अडचण आहे. स्टँडमधून निघून उजवीकडे हायवेला वळायचं म्हणजे आमची बारा मीटरच्या आसपासची गाडी चौकाच्या मध्यात आणून उभी करावी लागते. समोर बंदराची वाहतूक चालू असेल तर मध्येच अडकतो. पिवळा होतो, लाल होतो, आणि हायवेवाले हॉर्न देत अंगावर येतात. एकेक रस्ता सुटतो तेव्हा निदान ही धाकधूक नसते. पावसात तर गाडी एकदम उचलताही येत नाही.

---

निवृत्त_वाहतूक_अभियंता

सारथीदादा, मुद्दा बरोबर आहे आणि त्याला उत्तर द्यायला हवं. समोरून बंदराची वाहतूक तासाला १८०, त्यातही फेरीच्या सुरुवातीलाच बहुतेक निघून जाते. शेवटच्या पाच-सात सेकंदांत तुम्हाला वाट मोकळी मिळेल. तरी गाडी मध्यात राहिली तर ती बाहेर पडेपर्यंत हायवे सुटता कामा नये. म्हणून या फेजनंतरचा चारही बाजूंचा लाल २ ऐवजी ३ सेकंद ठेवावा. फेरी ५६ होईल, काही बिघडत नाही. मोजताना ३ सुद्धा कमी वाटले तर ४ करा. इथे कंजुषी करायची नाही.

आणि एसटीचा थांबा चौक ओलांडल्या-ओलांडल्या असेल तर तो पुढे सरकवायला सांगा. उतारू घ्यायला एसटी थांबली की मागचा हिरवा फुकट जातो.

---

बंदर_स्टँड_रिक्षा

मी दिसभर थंयच आसतंय म्हणान एक सांगतंय. हो हिशोब शनवाराचो झालो. बारा म्हयने सारके नसतत. जून-जुलैत मासेमारी बंद, बंदराच्या रस्त्यार चिटपाखरू नसता, तेवा थंय हिरवो कित्याक? आणि गणपतीक चाकरमानी इले की चारय रस्ते भरतत, बाजाराकडचो सगळ्यात जास्त. तेवा ह्या २८ नि १७ चा काय करतलात?

---

पनवेलकर_आयटी

यावर सोपा उपाय म्हणजे अ‍ॅडॅप्टिव्ह सिग्नल. कॅमेरे रांग मोजतात आणि सॉफ्टवेअर स्वतः सेकंद बदलतं. मोठ्या शहरांत हे सुरू झालंय. आकडेमोड करत बसण्यापेक्षा नगरपरिषदेने थेट तेच घ्यावं.

---

निवृत्त_वाहतूक_अभियंता

दोघांना एकत्र उत्तर देतो, कारण प्रश्न एकच आहे.

वाहतूक पाहून स्वतः बदलणारे सिग्नल नवे नाहीत. सिडनीत स्कॅट्स नावाची अशी यंत्रणा १९७० च्या दशकात आली, ब्रिटनचं स्कूट त्याच सुमाराचं. त्यांचा खरा फायदा एकामागोमाग एक दहा-वीस चौक असतात तिथे. एका चौकातून सुटलेला जथा पुढच्या चौकावर हिरव्यातच पोचावा अशी सांगड ती यंत्रणा घालते. तुमच्या गावात सिग्नल एक. सांगड कोणाशी घालणार? शिवाय गाडी ओळखण्यासाठी रस्त्यात पुरलेली तारेची वेटोळी पहिल्या खोदकामात तुटतात, आणि कोकणातल्या आडव्या पावसात कॅमेऱ्याला समोरची रांग धड दिसत नाही. एक साधा सेन्सर बंदराच्या रस्त्यावर बसवून, गाडीच नसेल तर ती फेज आखूड करणं, एवढं जमलं तर चांगलंच. पण वर्षभर त्याची देखभाल कोण करणार हे आधी ठरवा.

रिक्षावाल्या भाऊंच्या प्रश्नाचं उत्तर स्वस्त आहे. कंट्रोलर साधा असला तरी त्यात बहुधा वेळेप्रमाणे वेगवेगळे प्लॅन भरता येतात. तुम्हाला चार पुरतील. सकाळी शाळा आणि मासळीच्या वेळेचा एक, ज्यात बंदर-स्टँडला २२. एरवीच्या दिवसाचा एक. शनिवार-रविवारी आणि मे महिन्यात वरचा २८-१७ चा. गणपतीसाठी वेगळा, त्याची मोजणी सणाच्या आधीच्या दोन दिवसांत करावी लागेल, अंदाजाने नको. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा सकाळचा प्लॅन काढून टाका. रात्री अकरा ते पहाटे पाच ब्लिंकर: मुख्य रस्त्याला पिवळा, म्हणजे सावकाश पुढे जा, आणि बंदर-स्टँडला लाल ब्लिंकर, म्हणजे थांबून, बघून मग निघा.

---

पाटीवालीची_लेक

माझी आई बंदरावरून मासे घेऊन बाजारात जाते, असाच एक रस्ता ओलांडून. सगळे गाड्यांचं बोलताय म्हणून लिहिते. पाटी डोक्यावर असली की मान वळवून मागे बघता येत नाही. बंदराच्या रस्त्याला हिरवा लागला की बाया चालू लागतात, आणि त्याच हिरव्यात मागून टेम्पो येऊन त्यांच्या पुढ्यातून वळतो. टायमरवर १७ सेकंद आहेत की ३०, याने तो टेम्पो थांबत नाही. दोन रस्ते एकदम सोडले तर समोरून स्टँडच्या गाड्याही वळणार. मग बायांनी जायचं कधी?

---

निवृत्त_वाहतूक_अभियंता

ताई, हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. दोन फेज केल्यावर हाच धोका वाढतो आणि तो नुसत्या सेकंदांनी सुटत नाही.

उपाय असा. पायी चालणाऱ्यांसाठी वेगळे दिवे बसवायचे आणि गाड्यांना हिरवा लागण्याआधी ४ सेकंद त्यांना हिरवा द्यायचा. तेवढ्यात आईसारखी बाई रस्त्याच्या मध्याकडे पोचते, वळणाऱ्या ड्रायव्हरला ती थेट समोर दिसते आणि तो थांबतो. आज ती त्याच्या कडेला असते, म्हणून दिसत नाही. हे अनेक देशांत करतात आणि त्याने वळणाऱ्या गाड्यांचे अपघात कमी झालेले आहेत. फेरी ६० सेकंदांवर जाईल. ती १४० वरून आलेली असल्यामुळे हे चार सेकंद परवडतात. झेब्राही वळणाच्या तोंडाशी नको, दोन-तीन पावलं आत घ्यायला सांगा, म्हणजे वळून सरळ झालेली गाडी माणसाला समोरून बघेल.

दादा, हे दिवे बसत नाहीत तोवर दोन फेजचा आग्रह धरू नका. आधी १२० ची चार फेजची मांडणी मागा. ती सुरक्षितही आहे आणि उद्या करता येण्यासारखीही.

---

नाक्यावरचं_मेडिकल

सगळ्यांचे आभार. ताई, तुमच्या आईचं वाचल्यावर दुपारी शटर अर्धं ओढून नाक्यावर उभा राहिलो. अगदी तसंच होतं. मासळीच्या बाया झेब्रापाशी एकत्र जमतात, एकटी कोणी निघत नाही. चौघी-पाच जणी झाल्या की मगच रस्त्यावर उतरतात, म्हणजे टेम्पो थांबेल. इतकी वर्षं समोर असून मला वाटायचं त्या गप्पा मारत थांबतात.

दुकानासमोरच्या दुचाकींचं आजपासूनच सुरू केलं. कुंड्या लावल्यात, आणि गिऱ्हाइकांना शाळेच्या भिंतीकडे गाडी लावायला सांगतोय. शेजारच्या बेकरीवाल्यांनीही ऐकलं.

अर्जाचा मसुदा टाकतो, चुकत असेल तर सांगा:

"मुख्य नाक्यावरील सिग्नलची सध्याची फेरी १४० सेकंदांची असून चारही रस्त्यांस समान ३० सेकंद देण्यात येतात. सोबत जोडलेल्या मोजणीनुसार शनिवारी सकाळी ११ ते १२ या वेळेत हायवेकडील रस्त्यावर ४५० पीसीयू वाहतूक असताना क्षमता ३८६ पीसीयू आहे, तर बंदराकडील रस्त्याचा निम्म्याहून अधिक हिरवा वेळ वापरलाच जात नाही. तरी पहिल्या टप्प्यात हायवे ३५, किनारा २८, बंदर १७ व स्टँड २० सेकंद असा बदल करावा. वेळेनुसार व हंगामानुसार स्वतंत्र प्लॅन भरावेत. चौकापासून ३० मीटर अंतरात वाहने उभी करण्यास मनाई करावी. दुसऱ्या टप्प्यात पादचाऱ्यांसाठी स्वतंत्र दिवे बसवून, त्यांना गाड्यांच्या आधी ४ सेकंद हिरवा देऊन, दोन फेजची मांडणी करावी."

---

निवृत्त_वाहतूक_अभियंता

मसुदा चांगला आहे. दोन गोष्टी करा. अर्जाची प्रत जिल्हा वाहतूक शाखेला आणि रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असेल तर त्यांनाही द्या, नाहीतर "हे आमच्याकडे येत नाही" यात सहा महिने जातील. आणि पहिल्या टप्प्याच्या वाक्यानंतर ही ओळ घाला: "बदलानंतर एका महिन्याच्या आत त्याच दिवशी व त्याच वेळेत पुन्हा मोजणी करून सेकंदांचा फेरविचार करावा." मोजणीला भाच्याबरोबर आणखी तिघं लागतील, प्रत्येक रस्त्याला एक, आणि रांगेची लांबी दर पाच मिनिटांनी वेगळी लिहायची. तक्त्याचा नमुना हवा असेल तर सांगा, इथेच टाकतो.

---

पाटीवालीची_लेक

काका, नमुना टाका. आमच्या नाक्यावरही मोजते. आईच्या बरोबरच्या दोघींची मुलं बारावीला आहेत, ती येतील.